खण रिकामा झाला, कामं सुरू झाली

आमच्याकडे कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की पहिलं उत्तर असतं 'खणात बघ', आणि बघून झाल्यावरचं दुसरं उत्तर 'नीट बघ'. टेबलाला खण तीन आहेत, पण नुसतं 'खण' म्हटलं की वरचाच. खालच्या दोन खणांत काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची वेळच येत नाही.

टेबल अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सागवानी, जड, आणि डोंबिवलीतल्या जुन्या दोन खोल्यांतून या फ्लॅटमध्ये आणताना हमालांना चांगलाच घाम फोडणारं. ते हॉलच्या दाराशेजारी ठेवलं आणि खणाचं नशीब तिथेच ठरलं. 2005 नंतरची चार-पाच वर्षं आठवतात ना? मुंबईत दिवे लखलखीत आणि आमच्याकडे लोडशेडिंग. अंधारात चाचपडत गेलं तरी हात पोचेल अशी जागा म्हणून मेणबत्त्या, काड्यापेटी आणि टॉर्च त्या खणात गेले. टॉर्चपाठोपाठ सेल आले, सेलांपाठोपाठ बारका स्क्रू ड्रायव्हर आला. मग बाहेरून येणारा प्रत्येक जण खिशातलं जे असेल ते दाराशेजारी रिकामं करायला लागला. लोडशेडिंग गेलं, सवय राहिली.

त्यात एक भानगड अशी, की सोफ्याचा हात मध्ये येत असल्यामुळे खण अर्धाच उघडतो. पुढचा अर्धा भाग डोळ्यांना दिसतो, मागचा फक्त हातांना. मागे गेलेली वस्तू घरात असूनही नसल्यासारखीच. सेलोटेपची सात रिळं आमच्याकडे निघाली ती याच कारणाने. आळस वगैरे आहेच, नाही म्हणत नाही, पण निम्मा पसारा त्या सोफ्याने केला आहे हे माझं ठाम मत आहे.

दसऱ्याच्या आधी घर घासून काढतो तेव्हा हा खण दरवर्षी 'नंतर बघू' म्हणत सुटतो. यंदा सुटला नाही, कारण नणंदेची मुलगी तिच्या सव्वा वर्षाच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. त्या वयाचं मूल उभं राहिलं की त्याचं नाक बरोबर वरच्या खणाच्या मुठीशी येतं.

खण बाहेर काढणं हेच मुळात अडलं. श्रावणाचे दिवस, लाकूड फुगलेलं, आणि आत काहीतरी उभं राहून वरच्या फळीला टेकलेलं. अशा वेळी ओढाताण केली तर मूठ हातात येते. स्टीलची फूटपट्टी फटीतून आत सरकवायची आणि जे उभं असेल ते अंदाजाने दाबून आडवं करायचं. निघाला तो बिघडलेल्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट. प्लेयर भंगारात गेला त्यालाही बरीच वर्षं झाली.

जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि खण उपडा केला. हे एवढं मात्र कुणालाही सांगेन: खणात हात घालून एकेक वस्तू काढत बसू नका, सगळा एकदम पालथा करा, आणि तोही चादरीवर. मध्येच कुणी दारात आलं तर चार टोकं धरून गाठोडं बाजूला ठेवता येतं.

गाठोडं पिवळं होतं. सोमवतीला नवरा जेजुरीला जाऊन आला, तिथून आणलेली भंडाऱ्याची पुडी खणात फुटली होती. पेनं पिवळी, चाव्या पिवळ्या, गॅसचं पुस्तक पिवळं. खंडोबाने आमचा सगळा खण पदरात घेतला होता म्हणायचा. पण टॉर्चच्या आजूबाजूला मात्र रंग वेगळा दिसला. तिथे भंडारा विटेसारखा तांबडा झालेला. मी आधी गंज समजले. टॉर्चचं झाकण उघडलं तर सेल फुटून पांढरा भुगा बाहेर आलेला, आणि त्याच्या कडेने ती तांबडी किनार. मग शाळेतला हळदीचा कागद आठवला. अल्कलाइन सेलात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर झिरपलं, पावसाळी हवेने ओलं झालं, हळदीला लागलं आणि हळद लाल झाली. शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावला की होतं तेच. शेजारीच जुन्या धर्तीचे साधे सेलही फुटून चिकट झाले होते, पण त्यांच्यातलं रसायन आम्लधर्मी, तिथली हळद पिवळीच होती. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन टॉर्चची स्प्रिंग पुसली तर फस्सकन फेस आला आणि तांबडा डाग बराचसा परत पिवळा झाला. मुलगा कौतुकाने बघत बसला. नवरा म्हणाला, "म्हणजे भंडारा अस्सल हळदीचा होता." त्याला आनंद कशाचा झाला बघा. फुटलेल्या सेलांना हात लावताना मात्र हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी तरी हाताला हवी. तो भुगा कातडीला चावतो. टॉर्च वाचला.

मग वाटणी. सगळे आजूबाजूला होतेच आणि प्रत्येक वस्तूवर कुणाचा तरी जीव होता. "असू दे, लागेल" हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत इतक्या वेळा ऐकलं, की मी एक कायदा काढला. जो 'असू दे' म्हणेल त्याने ती वस्तू उचलायची, आपल्या कपाटात नेऊन ठेवायची आणि मग पुढची वस्तू बघायला यायचं. चार्जरचा गुंता घेऊन नवरा एकदा बेडरूमपर्यंत गेला आणि तसाच परत आला. बारीक पिनचे, चपट्या पिनचे, ज्या फोनांची नावंही आठवत नाहीत त्यांचे. सगळे ई-कचऱ्याच्या पिशवीत. पेनं कागदावर ओढून बघितली, बहुतेक सुकलेली. लोकलच्या कूपनांचं एक अर्धं वापरलेलं पुस्तक निघालं. स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून खट्कन छाप मारायची ती. हे बंद होऊन दहा वर्षं तरी झाली. ते मात्र मुलाने मागून घेतलं, त्याने ते मशीन कधी बघितलंच नव्हतं.

मला खरी धास्ती होती ती देवाच्या पुड्यांची. शिर्डीची उदी, अक्कलकोटचा अंगारा, कोल्हापूरहून आलेलं कुंकू, कुठल्या तरी सत्यनारायणाच्या अक्षता, सुकलेल्या सुपाऱ्या, राख्या. वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यात बांधलेल्या, काहींवर नाव, बऱ्याच निनावी. हे टाकायचं कसं, आणि सासूबाईंना विचारायचं कसं, या विचाराने मी त्या पुड्या बाजूला सारत होते. आई पाट घेऊन आल्या आणि त्यांनीच तो ढीग पुढ्यात ओढला.

"अगं, देवाचं म्हणून ठेवायचं आणि ठेवायचं कुठे, तर त्या घाणेरड्या सेलांशेजारी?"

पुढचं त्यांनी भराभर उरकलं. उदी आणि अंगारा एका चांदीच्या डबीत एकत्र. "अंगाऱ्यात अंगारा चालतो, कुंकवात नाही." कुंकू करंड्यात. सांडलेला भंडारा जेवढा स्वच्छ होता तेवढा कागदावर घेऊन तुळशीत. अक्षता चिमण्यांना. राख्यांवरचे प्लास्टिकचे मणी आणि चमकी त्यांनी कात्रीने कापून वेगळी केली आणि नुसते दोरे निर्माल्यात घातले. सुपाऱ्या किडल्या होत्या, त्या कुंडीतल्या मातीत गेल्या. ज्या कामासाठी मी महिनोन्‌महिने खण टाळत होते ते चहा उकळेपर्यंत संपलं.

औषधांचं मात्र तसं झालं नाही. आमच्याकडे गोळ्या रंगावरून ओळखतात. गुलाबी म्हणजे पित्ताची, पांढरी लांबट म्हणजे तापाची. ही गोष्ट घरोघरी आहे आणि ती धोक्याची आहे, कारण पांढरी लांबट गोळी दहा वेगळ्या आजारांवर मिळते. त्याहून मोठी अडचण कात्रीची. केमिस्ट चार गोळ्या द्यायच्या तर पट्टी कापून देतो, आणि मुदत बहुतेक वेळा पट्टीच्या एका टोकालाच छापलेली असते. ते टोक दुकानात राहिलं की आपल्या हातात येतात बिननावाच्या, बिनतारखेच्या चार गोळ्या. आणि टोक आपल्याकडे आलं तरी आपण पहिली गोळी नेमकी तिथूनच फोडतो. खणातल्या निम्म्याहून अधिक तुकड्यांवर ना नाव होतं ना तारीख. ते सगळे बाद. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली वरून नवी दिसत होती, पण ती एकदा उघडली की साधारण महिनाभरातच टाकायची असते, छापलेली मुदत पुढची असली तरी. आता मी पट्टी घरात आली की मागच्या बाजूला काळ्या मार्करने नाव आणि मुदत लिहिते, आणि तुकडा असेल तर दुकानदाराला त्याच्या डोळ्यांदेखत लिहायला लावते. तो वैतागतो. वैतागू दे.

टाकायच्या कुठे हा पुढचा प्रश्न. 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं, वापरलेले सेल, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल दिवे हे सगळं 'घरगुती घातक कचरा' म्हणून ओल्या-सुक्यापासून वेगळं द्यायचं सांगितलं होतं. कागदावर छान होतं. आमच्या घंटागाडीवरच्या मुलाला मी विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, वेगळी पिशवी करून त्यावर लिहून द्या, मी पुढे सांगतो. तशी दिली. गोळ्या पट्टीतून सोडवून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळल्या, म्हणजे कचरा चिवडणाऱ्या कुणाच्या हाती त्या खाण्याजोग्या लागायला नकोत. आणि पट्ट्यांचं ॲल्युमिनियम वेगळं. एक पाऱ्याचा थर्मामीटर धड निघाला. तो जाड कापडात गुंडाळून, टोपणाच्या नळीत घालून त्याच पिशवीत, वर मोठ्या अक्षरांत लिहून.

बाळाच्या दृष्टीने सर्वांत वाईट वस्तू सर्वांत लहान होती. बटणाएवढे सेल. गाडीच्या रिमोटचे, वजनकाट्याचे, खेळण्यांतले. त्यांवर लिहिलेलं असतं सीआर2032, म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढं ते लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकलं तर लाळेतून वीज वाहते आणि दोन तासांत आतून भाजायला लागतं. संपलेला म्हणून बाजूला टाकलेला सेलही एवढं करायला पुरतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट इस्पितळ गाठायचं. हे मला भाचीनेच फोनवर सांगितलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मी खण उपसायला बसले. चादरीवरून असे सेल वेचताना पोटात गोळा आला. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट झाकणाच्या बरणीत घातले आणि बरणी माळ्यावर.

तळाशी जुन्या मोबाइलची एक बॅटरी होती, गव्हाच्या पुरीसारखी टम्म फुगलेली. मुलगा ती दाबून बघायच्या बेतात होता, त्याच्या हातावर चापट मारली. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली, वाकली तर पेट घेते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथेही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ती ठेवली आणि डबा बाल्कनीत, ऊन येत नाही अशा कोपऱ्यात.

चाव्यांचा घोस घेऊन नवरा घरभर फिरला. प्रत्येक कुलपाला प्रत्येक चावी. कपाटाच्या तिजोरीची दुसरी चावी सापडली, ती वर्षानुवर्षं हरवलेली होती. बाकीच्या कशाच्याच नव्हत्या. त्या पितळेच्या भावाने भंगारवाल्याकडे गेल्या.

मग पैसे. सुट्ट्या नाण्यांची एक डबी होती. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, तेव्हा ती नुसती आठवण. पन्नास पैसे मात्र आजही कायदेशीर चलन आहे, घेत कुणी नाही ही गोष्ट वेगळी. आईंनी त्यातून वीस पैशाचं पितळी रंगाचं, कमळ असलेलं नाणं बरोबर उचललं. 1968 पासून काही वर्षं ती नाणी निघत होती. कमळ म्हणून बायका ती लक्ष्मीपूजनाला ठेवायच्या. ते देवघरात गेलं.

आणि आहेराचं एक पाकीट. वर लग्नघराचं नाव, कोपऱ्यात चिकटवलेला रुपया, आत पाचशेची जुनी नोट. त्या लग्नाला जायचं राहिलं, पाकीट खणात राहिलं, आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आतली नोट मेली. नोटाबंदीत आम्ही तांदळाचे डबे, गाद्या, देवघर, सगळं उलटंपालटं केलं होतं. खणात कुणी बघितलं नाही. आता ती बाळगणं गुन्हा तर नाही ना म्हणून नवरा जरा बावरला. 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला हरकत नाही, त्याच्या वर गेलं की दंड आहे. एका नोटेने काही होत नाही. पाकिटावरचा रुपया मात्र अजून चालतो. तो सोडवून मी भाजीवाल्याला दिला.

कागदांतली बरीचशी बिलं कोरी पांढरी होती. दुकानातल्या छोट्या मशीनवरचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापला जातो, आणि खणात पडून पडून त्याच्यावरचं सगळं उडून जातं. मिक्सरची हमी पाच वर्षांची, बिल दोन वर्षांत नाहीसं. आता बिल हातात आलं की लगेच मोबाइलवर फोटो. जुनं केशरी रेशनकार्ड आईंनी मागून घेतलं. आणि सगळ्यांत खाली, तळाला अंथरलेल्या कॅलेंडरच्या पानाखाली, एक पासबुक.

त्या पानाविषयी आधी सांगते, कारण ते वाचण्यात माझी दहा मिनिटं गेली. जून 2009. चौकटींमध्ये आईंचं अक्षर: 'दूध नाही', 'खाडा', 'सिलिंडर लावला', 'अण्णा – डॉ. 6 वाजता'. म्हणजे खण धड रिकामा झाला होता तो त्यानंतर कधीतरी. पान मी परत अंथरलं नाही, फाइलमध्ये ठेवलं. नवं अंथरलं ते गेल्या वर्षीचं.

आता खण लावायचं. बाजारात प्लास्टिकचे कप्पे मिळतात, बांबूचे मिळतात, आणि ते आणायचा मोह पहिल्याच दिवशी होतो. आणू नयेत. काय उरणार आहे हे कळण्याआधी कप्पे आणले तर वस्तू कप्प्यांच्या हिशेबाने ठेवाव्या लागतात. आमच्याकडे श्रीखंडाचे डबे रग्गड, पण गोल डबे खणात कोपरे खातात. सर्वांत उपयोगी पडले मोबाइलचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके. जाड, ताठ भिंतींचे, उंची खणाला बरोबर, आणि झाकण व तळ असे एका खोक्यातून दोन कप्पे मिळतात. खाली दुहेरी चिकटपट्टी लावली, नाहीतर खण ओढताना हिसक्याने सगळे मागे सरकतात.

मांडणी सोफ्याला विचारून केली. खण जिथपर्यंत उघडतो तिथे प्लायवूडची एक पट्टी आडवी बसवली. तिच्या पुढे रोज लागणारं: कात्री, सेलोटेप, दोन पेनं, मोजपट्टी, बारका स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च. मागे काही नाही. अक्षरशः काही नाही, थर्मोकोलचा ठोकळा घालून ती जागा बुजवून टाकली. मुलगा म्हणाला, अर्धा ड्रॉवर वाया घालवला. पण जिथे हात आंधळा होतो तिथे ठेवलेली वस्तू आठवड्याभरात हरवतेच. मोडक्या मेणबत्त्या टाकायच्या नव्हत्या, त्या खणाच्या खालच्या पट्ट्यांवर आणि आतल्या रुळांवर चोळल्या. भर पावसाळ्यात खण लोण्यासारखा सरकतो आहे. बाळासाठी बाहेरून चिकटवायची एक कडी लावली, ती मात्र विकतची.

दिवेलागणीपर्यंत हे सगळं आटोपलं होतं. खण आवरल्याचं फोटो काढून नणंदेला पाठवलं, तिने अंगठा पाठवला. आणि मग टेबलावर उरलेल्या वस्तूंकडे बघून माझ्या लक्षात आलं की काम आत्ता सुरू होतंय. कारण खणातली जवळजवळ प्रत्येक अडगळ म्हणजे कुठेतरी बाहेर जाऊन करायचं एक काम होतं. चष्म्याची निघालेली काडी, म्हणजे चष्मेवाला. बंद घड्याळ, म्हणजे घड्याळजी. पासबुक, म्हणजे बँक. ही कामं उरकायची नसतात म्हणूनच तर वस्तू खणात जातात. चष्मा आणि घड्याळ येता-जाता झालं. पासबुकाने वेळ घेतला.

ते आई आणि अण्णांचं एका सहकारी बँकेतलं जोडखातं. शेवटची नोंद 2011 ची, शिल्लक अकरा हजारांच्या घरात. अण्णा गेले आणि त्या खात्याचं कुणाला आठवलं नाही. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं उलटली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. जातात म्हणजे बुडत नाहीत, आपल्या बँकेकडेच अर्ज करायचा, बँक आपल्याला देते आणि रिझर्व्ह बँकेकडून वसूल करते. रिझर्व्ह बँकेचं 2023 मध्ये सुरू झालेलं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव आणि पॅन घालून बेवारस ठेवी शोधता येतात. मी शोधलं, आईंच्या नावाने काही दिसलं नाही, कारण तिथे तीसेक मोठ्या बँका आहेत आणि ही त्यांत नव्हती. तेव्हा पोर्टलवर दिसलं नाही म्हणजे पैसे नाहीत असं समजू नये. सरळ शाखेत जावं.

गेलो. सुदैवाने खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशा पद्धतीचं होतं, त्यामुळे वारस दाखला वगैरे लागला नाही. अण्णांचा मृत्यूचा दाखला, आईंचं आधार, पॅन, फोटो आणि अर्ज. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नसतात, तेही विचारून घेतलं. फोटो माझ्याकडे तयार होते, खणात एका पाकिटात सापडले होते. काउंटरवरच्या मुलीने फोटो बघितला, आईंकडे बघितलं, आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "आजी, अलीकडचा नाहीये का एखादा?" फोटोतले केस काळेभोर होते.

सही जुळेना. नमुना सहीचं कार्ड तिने आतून आणलं. त्यावर आईंनी सही केली होती ती 'सौ.' पासून. आईंनी पेन हातात घेतलं आणि मला हळूच विचारलं, "आता तसंच लिहायचं का गं?" त्या मुलीनेच ऐकलं आणि म्हणाली, नाही आजी, आता जशी करता तशी करा, आपण नवीन नमुना घेऊ. हात थरथरतो म्हणून सही तीही धड येत नव्हती. तेव्हा अंगठा आणि दोन साक्षीदार असा मार्ग असतो, त्यातला एक बँकेचाच माणूस. आईंनी तो मार्ग साफ नाकारला. "मी सातवी शिकलेय. अंगठा लावणार नाही." बाकावर बसून, माझ्या पिशवीतल्या वाणसामानाच्या यादीच्या मागे सराव करून, त्यांनी सही केली. पैसे काही आठवड्यांनी खात्यात आले. व्याज किती मिळालं याची आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला चौकशी करायला लावतात.

फुगलेली बॅटरी, चार्जर आणि तो रिमोट यांचा निकाल तेवढा लागायचा आहे. ई-कचरा घेणारी माणसं एका घरासाठी यायला तयार नसतात, निदान पोतंभर माल लागतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, अजून कुणाकडे काही आहे का. तासाभरात बेल वाजली. समोरच्या काकू, हातात वायरींनी भरलेली पिशवी. "तुम्ही देणारच आहात ना, मग आमचंही घ्या." आता आमच्या बाल्कनीत चार मजल्यांचे चार्जर आहेत, दोन इस्त्र्या आहेत आणि एक बंद पडलेला पंखा आहे.